मायानगरीतील एक दिवस आणि घरचा हिशेब

आमच्या वडगाव मावळच्या पेढीवर दोन पिढ्यांपासून धान्य, डाळी आणि गूळ यांचा व्यापार चालत आला आहे. इंद्रायणी तांदळाच्या हंगामात दुकानासमोर पूर्वी बैलगाड्या उभ्या राहत, आता टेम्पो उभे राहतात. एरवी गल्ला, तराजू आणि खतावणी यांच्यात फारसा बदल झालेला नाही. गेल्या दिवाळीत वहीपूजन आटोपून सर्व मंडळी बैठकीत बसली असता माझ्या पुतण्याने घरापुढे एक प्रस्ताव मांडला. कामशेतच्या पुढे आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. तिच्यावर पाण्याचे खेळ, मुलांसाठी पाळणे आणि भोजनगृह असे एक मनोरंजन उद्यान उभारावे, पैसा बँकेकडून कर्जाऊ घ्यावा आणि तारण म्हणून दुकानाची इमारत व गोदाम लिहून द्यावे, असा तो बेत होता. मुलाने कागदपत्रे नीटनेटकी तयार केली होती. लोणावळ्याला शनिवार-रविवारी लोटणारी गर्दी आपण रोज डोळ्यांनी पाहतो, तिच्यातला शंभरातला एक माणूस जरी आपल्याकडे वळला तरी पाच वर्षांत कर्ज फिटेल, असा त्याचा हिशेब होता.

बैठकीत कोणीच काही बोलले नाही. थोरल्या बंधूंनी वही मिटली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “तू एकदा त्याच्याबरोबर जाऊन ये. ज्या धंद्यात पैसा घालायचा तो आधी गिऱ्हाईक होऊन पाहावा, असे वडील सांगत असत.” त्या आज्ञेप्रमाणे जानेवारीतल्या एका मंगळवारी पुतण्या, मी, आमच्या सौभाग्यवती, तेरा वर्षांचा नातू आणि नऊ वर्षांची नात असे पाच जण खोपोलीजवळच्या इमॅजिका या उद्यानाकडे निघालो. मुलांना सहलीचा आनंद होता. माझ्या खिशात मात्र एक छोटी वही आणि पेन्सिल होती.

वडगावहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाताना कामशेत मागे पडते आणि थोड्याच वेळात उजव्या हाताला कार्ल्याचा डोंगर, डाव्या हाताला लोहगड आणि विसापूर दिसू लागतात. हा रस्ता आजचा नाही. कोकणातील बंदरांत उतरलेला माल बोरघाटातून याच खोऱ्यामार्गे देशावर चढत असे, म्हणूनच कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी या वाटेच्या आजूबाजूला आहेत. खंडाळ्याला नागफणीचे टोक पाहून घाट उतरलो की खोपोली. टाटांनी लोणावळ्याच्या तलावांचे पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली सोडून १९१५ मध्ये येथेच वीज निर्माण करण्यास आरंभ केला आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवली. उंचावर साठवलेले पाणी खाली येताना शक्ती देते, ही गोष्ट नातवाला मी घाटातच सांगितली. तिचा उपयोग पुढे दिवसभरात पुन्हा होणार होता, याची मला त्या वेळी कल्पना नव्हती.

खोपोलीहून पालीच्या रस्त्याला लागले की काही अंतरावर सांगडेवाडी येथे हे उद्यान आहे. मागे सह्याद्रीची भिंत आणि पुढे रंगीत मनोरे, असे ते दृश्य. हे उद्यान चित्रपटव्यवसायातील मनमोहन शेट्टी यांनी उभे केले आणि एप्रिल २०१३ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. पुढच्या वर्षी शेजारी जलउद्यान आले, नंतर हॉटेल आणि २०१६ मध्ये बर्फाचे दालनही आले. प्रवेशिका एकदा घेतली की आतील बहुतेक खेळांना वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. आमच्या जत्रेत प्रत्येक पाळण्यापाशी वेगळे तिकीट असते. तिथे माणूस दर वेळी खिशात हात घालताना विचार करतो. इथे विचार एकदाच, दारात करायचा. ही पहिली नोंद मी वहीत केली.

आत शिरल्यावर हा प्रकार जत्रेहून निराळा का, ते हळूहळू उलगडते. जत्रेत पाळणे ओळीने मांडलेले असतात. येथे जमिनीचे प्रदेश पाडले आहेत आणि प्रत्येक प्रदेशाची एक कथा आहे. अमेरिका, युरोप, अरबस्तान, आशिया, भारत. एका प्रदेशातून दुसऱ्यात जाताना घरांची ठेवण, खांबांची नक्षी, कानावर पडणारे संगीत आणि सेवकांचे पोशाख बदलतात. या पद्धतीला आज जगभर जी मान्यता आहे तिचे मोठे श्रेय वॉल्ट डिस्ने यांना जाते. १७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेतील अनाहाइम येथे त्यांनी डिस्नेलँड उघडले, तेव्हा साहसाचा, सीमावर्ती वसाहतीचा, परीकथेचा आणि भविष्यकाळाचा असे वेगवेगळे प्रदेश त्यांनी रचले होते आणि मधोमध एक किल्ला ठेवला होता. वाट चुकलेल्या माणसाला तो लांबून दिसावा आणि त्याची पावले आपोआप पुढे पडावीत, हा त्यामागचा हेतू. डिस्ने स्वतः सांगत की ही कल्पना त्यांना एका बाकावर सुचली. मुली चक्री घोड्यावर फिरत असत आणि आपण शेंगदाणे खात नुसते बसून राहायचे. मुले आणि वडीलधारे एकत्र रमतील अशी जागा का असू नये, असे त्यांना वाटले.

आमच्या बाबतीत मात्र बाक सुटला नाही. सौभाग्यवतींचे गुडघे आणि माझे वय पाहता मोठ्या खेळांपुढे आम्ही दोघे बाकावरच बसलो. पण बाकावरून धंदा चांगला दिसतो.

पहिल्यांदा मुलांनी ओढून नेले ते सोन्याच्या खाणीचे गाव रंगवलेल्या अमेरिकेत. लाकडी फळ्यांची घरे, पिंपे, गंजलेली अवजारे आणि त्यांतून वळणे घेत धावणारी ‘गोल्ड रश एक्सप्रेस’ ही गाडी. कॅलिफोर्नियात १८४८ मध्ये सोने सापडल्याची वार्ता पसरली आणि पुढच्या काही वर्षांत लाखांनी माणसे तिकडे धावली, हा इतिहास नातवाने शाळेत वाचला होता. त्याला मी एवढेच सांगितले की त्या धावपळीत खाण खणणाऱ्यांपैकी थोड्यांच्याच हाती टिकाऊ पैसा आला. त्यांना फावडी, पीठ आणि कापड विकणारे दुकानदार मात्र पुष्कळ ठिकाणी स्थिरावले. पुतण्या हसला. बोलणे कोणासाठी आहे, हे त्याला कळले होते.

तेथून जवळजवळ सगळीकडून दिसणारी लाल रुळांची वेटोळी म्हणजे ‘नायट्रो’. स्वित्झर्लंडमधील एका नामवंत कंपनीने बनवलेली ही गाडी सुमारे चाळीस मीटर उंचीवर चढते, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग घेते आणि वाटेत पाच वेळा माणसाला उलटे करते. तिच्या आसनांखाली तळ नसतो; पाय मोकळे लोंबकळतात. नातू आणि पुतण्या रांगेत गेले. आम्ही तिघे खाली उभे राहिलो. गाडी साखळीने खडखडत हळूहळू शिखरावर गेली, क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि मग एकदम किंकाळ्यांचा लोट खाली आला.

नातू परत आला तेव्हा चेहरा पांढरा आणि डोळे चमकत होते. “आजोबा, इंजिन किती मोठे असेल हिचे?” मी त्याला घाटातल्या नळांची आठवण दिली. या गाडीला इंजिन नाही. साखळी तिला एकदा शिखरावर नेऊन ठेवते. त्यानंतर जे काही घडते ते त्या उंचीच्या जमेवर घडते. वाऱ्याचा अडथळा आणि चाकांचे घर्षण त्या जमेतून सारखे काही ना काही वजा करत असतात, म्हणून पुढची प्रत्येक चढण पहिल्या चढणीपेक्षा बुटकी ठेवावी लागते. “म्हणजे मुद्दल आधीच भरलेले असते,” नातू म्हणाला. व्यापाऱ्याच्या घरातले मूल शेवटी आपल्याच भाषेत समजून घेते. पुतण्या काही बोलला नाही. पण तो बराच वेळ त्या पहिल्या चढणीकडे पाहत राहिला.

नंतर लहान मुलांच्या खेळांपाशी नात रमली. परीकथेतल्या पात्रांच्या मूर्ती, चक्री घोडे, चहाच्या कपांत बसून गरगर फिरणे. मी बाकावर बसून मोजत होतो. एका फेरीत किती मुले बसतात, फेरी किती मिनिटांत संपते, पट्टे तपासायला किती माणसे लागतात. मंगळवार होता, तरी शाळांच्या सहलींमुळे गर्दी बरी होती. एका पाळण्यापाशी मात्र घोडे रिकामेच फिरत होते आणि पट्टे तपासणारा मुलगा तरीही आपल्या जागी उभा होता. ही दुसरी नोंद. दुकानात गिऱ्हाईक नसले की माल पोत्यात राहतो, उद्या विकता येतो. इथे रिकामी गेलेली जागा ही त्या दिवशीच नासलेली भाजी आहे आणि वीज, पगार, देखभाल, विमा हे मात्र रिकाम्या दिवशीही तितकेच.

दुपारच्या जेवणाची चौकशी मी आदल्या दिवशीच करून ठेवली होती. कांदा, लसूण आणि कंदमूळ वर्ज्य असे साधे वरण-भात, पोळी, भाजी आम्हांला मिळाली. आपल्या वाचकांपैकी ज्यांना जायचे असेल त्यांनी ही चौकशी आधीच करावी, कारण ऐन दुपारच्या गर्दीत स्वयंपाकघराला असे सांगणे दोन्ही बाजूंना अवघड जाते. सौभाग्यवतींनी घरून नेलेले उकळलेले पाणी सर्वांना पुरले.

जेवणानंतर अरबस्तान. कमानी, घुमट, रंगीत काचा. येथे अलीबाबा आणि चाळीस चोरांची गुहा आहे. माणसे गाडीत बसून अंधारात फिरतात आणि हातातल्या बंदुकीतून प्रकाशाचा नेम धरून चोरांना टिपतात. टिपलेल्या चोरांचे गुण समोर मोजले जातात. नातवाने पुष्कळ गुण मिळवले. नातीने एकही नाही. बाहेर आल्यावर भाऊ तिला चिडवू लागला, तेव्हा ती म्हणाली, “मी मारलेच नाही. आजी, खोट्या चोराला मारले तरी पाप लागते ना?”

प्रश्न गमतीचा नव्हता. मुलगी रविवारी पाठशाळेत जाते. सौभाग्यवतींनी तिला तिथेच बाकावर बसवून यशोधर राजाची कथा सांगितली. मातेच्या आग्रहामुळे राजाने जिवंत प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. जीव कोणाचाच गेला नाही. पण मारण्याचा भाव मनात आला, आणि त्याचे फळ राजाला व त्याच्या आईला अनेक भव भोगावे लागले. नातू चपापला. “मग मी एवढे चोर मारले, त्याचे काय?” आजीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारले, “मारताना तुला राग आला होता का?” तो म्हणाला, “नाही, नेम लागतो का एवढेच पाहत होतो.” “मग आज रात्री प्रतिक्रमणात आठवण ठेव आणि पुढच्या वेळी मनाकडेही पाहा,” एवढे बोलून तिने विषय संपवला. मला वाटले, आमच्या काळात ही कथा आम्ही उपाश्रयात ऐकली आणि विसरलो. या मुलांना ती अलीबाबाच्या गुहेबाहेर मिळाली, त्यामुळे कदाचित विसरणार नाहीत.

उन्हे कलू लागली तशी आम्ही पाण्यातून जाणाऱ्या ‘राजासॉरस’च्या नौकेकडे गेलो. झाडी, धुके, मध्येच गर्जना करणारे प्रचंड प्राणी आणि शेवटी नौका उतारावरून पाण्यात कोसळते, ती सर्वांना भिजवूनच. कल्पना परदेशी वाटली तरी हा प्राणी आपल्याच भूमीतला आहे. गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रहियोली येथे मिळालेल्या हाडांवरून २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असे नाव दिले. तो वावरत होता त्या कालखंडाच्या अखेरीस, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनमध्ये लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि त्यांपासूनच समोर उभा असलेला हा सह्याद्रीचा काळा कातळ तयार झाला. इथल्या प्रदेशांतले खडक बहुधा सिमेंटचे आहेत. खरा खडक मात्र तिकिटाशिवाय मागे उभा आहे, हे पाहून बरे वाटले.

भारताच्या प्रदेशात ‘आय फॉर इंडिया’ हा खेळ आम्ही दोघांनीही पाहिला. आसने हवेत उचलली जातात, पाय अधांतरी राहतात आणि समोरच्या भव्य पडद्यावर आपण देशावरून उडत असल्याचा भास होतो. हिमशिखरे, वाळवंट, नद्या, किल्ले, मंदिरे. सौभाग्यवतींनी माझा हात घट्ट धरला होता. बाहेर येताच नात म्हणाली, “आजोबा, हस्तिनापूरला आपण असेच जग पाहिले होते की.”

तिचे म्हणणे खरे होते. हस्तिनापूर येथे गणिनी ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने १९८५ मध्ये पूर्ण झालेली जंबूद्वीपाची रचना आम्ही मागच्या यात्रेत पाहिली होती. मध्ये १०१ फूट उंचीचा सुमेरू, भोवती पर्वत, नद्या आणि सात क्षेत्रे, बाहेर लवणसमुद्राचे वलय, आणि यात्रेकरू त्या विश्वातून पायी फिरतात. शास्त्रात एक लक्ष योजने विस्ताराचे सांगितलेले जंबूद्वीप तिथे पावलांनी मोजता येते. जग लहान करून त्यातून माणसाला फिरवावे, ही ओढ नवी नाही. फरक एवढाच की हस्तिनापूरला सुमेरूवर चढून खाली पाहिले की आपले भरतक्षेत्र दक्षिणेच्या टोकाला एका पट्टीएवढे दिसते, आणि माणूस आपोआप लहान होतो. येथे माणूस आसनावर बसून सगळ्या देशावर उडतो. दोन्हींत आनंद आहे, पण उतरल्यावर मनात राहते ते वेगळे.

साडेचार वाजले होते. मुले आणि आजी थंड पेय घेण्यास गेली आणि पुतण्या माझ्या शेजारी येऊन बसला. “काका, आता सांगा. तुमच्या वहीत काय लिहिले आहे?”

मी त्याला तोपर्यंतच्या नोंदी वाचून दाखवल्या आणि मग सर्वांना ठाऊक असलेली, पण कोणी जोडून न पाहिलेली एक गोष्ट सांगितली. हे उद्यान उभारायला दीड हजार कोटींहून अधिक रुपये लागले आणि त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा होता. मनमोहन शेट्टी काही नवखे नव्हते. जाहिरातपटांवर प्रक्रिया करणाऱ्या प्रयोगशाळेपासून सुरुवात करून त्यांनी मोठा व्यवसाय उभा केला होता. उद्यानाची योजना उत्तम, यंत्रसामग्री जगातली नामांकित, जागा मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांच्या मध्ये. मार्च २०१५ मध्ये कंपनीने १८० रुपये दराने आपले समभाग लोकांना विकले. तरीही व्याजाचा भार पेलवेल इतके लोक वर्षानुवर्षे येत राहिले नाहीत. मग २०२० च्या महामारीत दारेच बंद झाली. खेळ थांबले, व्याज थांबले नाही. त्या वर्षी समभागाचा भाव दहा रुपयांच्याही खाली गेला. अखेर धनकोंनी आपल्या येण्यावर पाणी सोडून तडजोड केली आणि २०२२ मध्ये हे उद्यान संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले.

“मालपाणी म्हणजे ज्यांचे लोणावळ्याला वेट-एन-जॉय जलउद्यान आहे तेच ना?” पुतण्याने विचारले.

तेच. आपल्यासारखेच तालुक्याच्या गावातून पुढे आलेले व्यापारी घराणे. शिर्डीला त्यांनी आधी जलउद्यान चालवले, तिथे धंद्याची नाडी ओळखली, मग लोणावळ्याला आले, आणि इतरांनी उभारलेले हे मोठे उद्यान हाती घेण्याची वेळ आली तेव्हा त्यांच्याजवळ अनुभव आणि पैसा दोन्ही होते. मी पुतण्याला म्हणालो, “ज्याने हे स्वप्न पाहिले त्याला मी नावे ठेवत नाही. त्याच्यामुळेच आज आपली मुले येथे हसत आहेत. पण स्वप्न एकाचे, पैसा दुसऱ्याचा आणि फळ तिसऱ्याला, असे का झाले, हे आपण पाहायला हवे. नायट्रोच्या पहिल्या चढणीवर साखळी तुटली तर मागे यायला वाट नसते.”

तो थोडा वेळ गप्प होता. मग जरा दुखावल्या स्वरात म्हणाला, “म्हणजे काहीच करू नये का, काका? मी आयुष्यभर डाळ तोलत बसावे?”

हा प्रश्न मला टोचला, आणि तो बरोबरही होता. चाळीस वर्षांपूर्वी मी वडिलांना नेमके हेच विचारले होते. त्या वेळी मला उत्तर मिळाले नव्हते. नुसती मान हलली होती. या मुलालाही तेच देऊन मोकळे व्हायचे नाही, असे मी ठरवले आणि म्हणालो, “उत्तर आज नाही देत. रविवारी तू माझ्याबरोबर दोन ठिकाणी चल. मग बोलू.”

संध्याकाळी उद्यानात पात्रांची शोभायात्रा निघते. मुलांना ती पाहायची होती, पण जानेवारीत दिवस सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि आमच्याकडे चौविहाराचा नेम आहे. आम्ही त्याआधीच सोबतचे खाखरे आणि फळे खाऊन पाणी घेतले, मग शांतपणे उभे राहून शोभायात्रा पाहिली. नातू कुरकुरला नाही. नेम मोडला नाही आणि मुलांचा आनंदही गेला नाही. त्यासाठी फक्त घड्याळ अर्धा तास आधी पाहावे लागले.

ठरल्याप्रमाणे रविवारी सकाळी मी पुतण्याला प्रथम कार्ल्याला नेले. तेथील चैत्यगृह देशातल्या सर्वांत मोठ्या कोरीव चैत्यगृहांपैकी, सुमारे पंचेचाळीस मीटर लांबीचे. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे काम. व्हरांड्यातल्या लेखात वैजयंती नगराचा श्रेष्ठी भूतपाल याने हे शैलगृह पूर्णत्वास नेल्याचे कोरले आहे, आणि ते जंबूद्वीपात उत्तम असल्याचेही तो अभिमानाने सांगतो. धर्म त्यांचा बौद्ध, पण माणूस आपल्यासारखाच शेठ. पुतण्याच्या डोळ्यांत चमक आली. मी त्याला आत नेले आणि खांबांवरची अक्षरे दाखवली. एक खांब धेनुकाकटच्या कोणा यवनाचा, दुसरा दुसऱ्याचा. दर्शनी दाराचे दान सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या सिंहदत्ताचे. ज्याची जेवढी शक्ती, तेवढा त्याचा भाग. कोणी दार दिले, कोणी खांब दिला, आणि शेवटी एका शेठाने ते पूर्ण केले. तिथल्या लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत, गहाण ठेवणाऱ्याचे एकही नाही.

तेथून आम्ही कामशेतजवळच्या पाले गावी गेलो. डोंगरातल्या लहानशा गुहेत ब्राह्मी अक्षरांचा एक लेख आहे. डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो प्रकाशात आणला. अरिहंतांना नमस्कार करून त्याचा आरंभ होतो. महाराष्ट्रातील जैन परंपरेचा हा अतिप्राचीन पुरावा मानला जातो. भदंत इंद्ररक्षित यांनी हे लेणे आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, करविल्याचे त्यात सांगितले आहे. कार्ल्याच्या मानाने काहीच नाही, एक खोली आणि पाणी. पण चालून दमलेल्या माणसाला प्रथम काय हवे असते? सावली आणि पाणी.

टाक्याच्या काठावर बसून मी पुतण्याला माझे उत्तर दिले. जमीन पडून राहू नये, हे मलाही मान्य आहे. लोणावळ्याची गर्दी कामशेतवरून जाते, हेही खरे. पण दुकान तारण द्यायचे नाही. कारण ते आपल्या दोघांचे नाही, आपल्या मुनिमाच्या आणि सात हमालांच्या घरांचेही आहे. त्याऐवजी या वर्षी तिथे सावलीची जागा, स्वच्छ पाणी, स्त्रियांसाठी नीट स्वच्छतागृह, मुलांसाठी दोन झोके आणि सात्त्विक भोजनाची सोय करावी. मी माझ्या वाट्यातून एक खांब देतो, तुझे वडील एक देतील, आत्याच्या घरचे विचारून पाहू. पहिल्या वर्षीच्या नफ्यातून दुसरा खांब. मोठा पाळणा आलाच तर तो दहाव्या वर्षी येईल आणि त्या दिवशी व्याजाची तारीख आपल्या उशाशी नसेल. परिग्रहाला मर्यादा घालावी, असे आपण व्रतात म्हणतो. कर्जाला मर्यादा घालणे हा त्याचाच संसारी भाग आहे, असे मला वाटते.

पुतण्याने लगेच होकार दिला नाही, आणि ते मला आवडले. त्याने माझ्या हातून वही मागून घेतली, चार दिवस ठेवली आणि नवे आकडे मांडून थोरल्या बंधूंपुढे ठेवले. त्यात बँकेचे नाव नव्हते, पण माझ्या बेतापेक्षा दोन गोष्टी जास्त होत्या. उन्हाळ्यात मुलांसाठी उथळ पाण्याचे एक कुंड, आणि चौविहार पाळणाऱ्या प्रवाशांसाठी सूर्यास्ताआधी तयार असणारे जेवण. बंधूंनी ते वाचून चष्मा काढला आणि एवढेच विचारले, “पाण्याच्या टाक्यापासून सुरुवात करायची ना?”

येत्या अक्षय्य तृतीयेला कामशेतच्या त्या जमिनीवर टाके खोदण्याचे ठरले आहे. नातीचा आग्रह आहे की त्याच्या भोवती वाळूत जंबूद्वीपाची रांगोळी काढायची. काढू देऊ.